उतारशाळेतली सहावी खोली

तीस वर्षं लॉजच्या काउंटरमागे काढलेला मॅनेजर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि त्याचे गुडघे कुरकुरत होते. समोर बारा मुलं, मध्ये एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांचा ढीग. चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या बाई आजारी पडल्या, म्हणून जागा न मिळाल्याने येशू गोठ्यात जन्मला ती नाताळची गोष्ट ठोकळ्यांनी सांगायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याचं नाव सुचवलं होतं नातीने. "माझ्या आजोबांनी लॉजमधून कध्धीच कुणाला परत पाठवलं नाही," असं तिने वर्गात छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. तिला हे कुणी सांगितलं? त्यानेच, कधीतरी फुशारकीच्या भरात.

गोठा मुलांनी बांधला. उतारशाळेला, म्हणजे त्या काळच्या लॉजला, मात्र त्याने कुणाला हात लावू दिला नाही. पाच खोल्या, प्रत्येकीत एकेक पाहुणा. मग सवयीने मागच्या बाजूला, जिन्याखाली, सहावीही बांधली. ठोकळ्यांतली दिवस भरलेली मरिया, येशूची होणारी आई, आणि तिचा दमलेला नवरा योसेफ दारात आले.

"जागा नाही," मॅनेजर रुबाबात म्हणाला. हे त्याला झोपेतही जमलं असतं.

"ही तर रिकामी आहे!" एक चष्मेवाली म्हणाली.

"ती राखीव. मालकाचं कुणी आलं तर."

"आलं का?"

"नाही."

"मग?"

मॅनेजरचा पार गोंधळ उडाला. खोली काढायला गेला, तर भिंतच हातात आली. परत लावली, तर दार उरलं. योसेफ आडवा झाला, गाढव आत शिरलं. तोवर कुणीतरी मरियेला त्या खोलीत ठेवूनही दिलं, आणि ती तिथे ऐसपैस मावली. आता गोठ्याचं काय करायचं? बाळाला बघायला येणाऱ्या मेंढपाळांनी जायचं कुठे? एक खोली मागे ठेवायची, ही तर प्रत्येक लॉजची रीत. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळेना. 

"माझ्या आजोबांनी दिली असती," नात सगळ्यांना म्हणाली. "हो ना, आजोबा?"

बारा तोंडं त्याच्याकडे वळली. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही, बाळा," तो म्हणाला. "मीही दिली नसती. खोली रिकामी असताना नाही म्हणालोय मी. पुष्कळदा."

त्याला वाटलं, आता ही रडणार. 

"म्हणजे तेव्हाही असंच झालं असेल. ही गोष्ट खरी असणार," नात हळूच म्हणाली, आणि मरियेला खोलीतून उचलून तिने गोठ्यात नेलं.