पाचपैकी पाच

मस्तगडातल्या गिरधारीलाल सेठच्या पुस्तकांच्या दुकानात एक रीत होती. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचं पुस्तक घेतलं, की सेठ शेवटची उत्तरांची पानं ब्लेडनं अलगद कापायचे, त्यांना स्टेपल मारायचे आणि पुस्तक लेकराच्या हातात, पानं आईच्या हातात द्यायचे. उत्तरं आईपाशीच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. आयांना ते फार पटायचं. वंदनालाही पटलं होतं.

वंदना अंबडकडची, शेतकऱ्याची मुलगी. रोज एस.टी.नं जाऊन येऊन मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली. शिक्षिका व्हायचं मात्र राहून गेलं. नवरा एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर पाळ्या करायचा, त्यामुळं तृप्तीच्या अभ्यासाचा सगळा भार हिच्यावर. तृप्ती पाचवीला. गणितात पोरगी बरी होती, पण उतारा वाचून प्रश्न सोडवण्यात मुलं मार खातात, घरी सराव घ्या, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि वंदनाच्या जिवाला घोर लागला. जुलैत तिनं दीडशे उताऱ्यांचं पुस्तक आणलं.

रोज एक उतारा, खाली पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. तृप्तीनं सोडवायचे आणि वंदनानं भाकरी तव्यावर टाकून तेवढ्यात तपासायचे. तपासायला वेळ लागत नसे. पानांवर नुसते आकडे होते: उतारा पहिला, दोन, चार, एक, तीन, तीन. जुळला की टिक, नाही जुळला की फुली. पहिले दोन-तीन आठवडे पाचपैकी एक, फार तर दोन. वंदनाचा पारा चढायचा. डोळे फुटले का तुझे, म्हणायची. एकदा पाठीत धपाटाही घातला. मग ऑगस्टपासून एकदम चार, पाच, पाच, पाच. शेजारच्या पुष्पाबाईंना तिनं ऐकवलंसुद्धा, की जरा धाक दाखवला की पोरं सुधारतात.

डिसेंबरात पुस्तक संपलं. मायलेकी पुढचं, जरा अवघड पुस्तक निवडायला सेठकडं गेल्या. वंदनानं तीन पुस्तकं समोर मांडून एक पसंत केलं. सेठनं ब्लेड उचललं आणि सहज विचारलं, “ताई, मागची पानं बदलून नेली का न्हाई तुम्ही?”

“कोणती पानं?”

“जुलैतली. जुन्या अन् नव्या आवृत्तीची पानं मिसळल्ती माझ्या हातून. उतारे तेच, पण मागं-पुढं झाल्ते. बऱ्याच जणी आठ दिवसांत वापस आल्त्या. उत्तरं बिलकुल जुळंना म्हणून.”

वंदनानं सेठला तिथल्या तिथं असं झाडलं, की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पाच महिने झाले, एक निरोप धाडता आला नाही का, हातात ब्लेड धरता तर डोळे उघडे ठेवून धरा. बोलता बोलता तिची नजर तृप्तीकडं गेली आणि ती थांबली. पानं चुकीची, आणि पोरीला पाचपैकी पाच. तृप्ती खाली मान घालून उभी होती.

पुस्तक तिथंच टाकून वंदना तिला ओढत घरी घेऊन आली. तुरीच्या डाळीच्या डब्याखाली लपवलेली पानं काढून तिच्यासमोर आपटली.

“कधीपासून बघून लिहितेस?”

तृप्तीनं आधी पानांकडं बघितलं. मग म्हणाली, “मी वाचून लिहायचे तवा तू फुल्या मारायची. मंग मी दोनदा वाचायचे. तरी फुल्याच. मला वाटलं, मला वाचलेलं कळतच न्हाई. म्हणून पानं बघितली. मंग तू मारलं न्हाई.”

उचललेला हात वंदनाला कुठं ठेवावा कळेना. संताप तर मावत नव्हता. सेठवर होता, शाळेतल्या बाईंवर होता. पण बाकीच्या बाया आठ दिवसांत परत गेल्या होत्या. त्यांनी उतारे वाचले होते. हिनं पाच महिन्यांत एक उतारा वाचला नव्हता. बी.ए. मराठी झालेली बाई आकड्याला आकडा जुळवत बसली होती.

तिनं तृप्तीच्या पुस्तकातली जुलैत सोडवलेली पानं उघडली आणि स्वयंपाक तसाच ठेवून वाचायला बसली. पहिल्या उताऱ्यात पोरीचे चार बरोबर होते. दुसऱ्यात पाचही. त्यावर लाल फुल्या आणि शेजारी तिच्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं, ‘नीट वाच’. पुढं वाचवेना.

तुझं बरोबर होतं, असं तिनं तृप्तीला सांगितलं. तृप्तीचा विश्वास बसला नाही.

“मंग आता बरोबर कोणतं, ते कोण सांगणार?” तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी वंदना एकटीच दुकानात गेली. स्टुलावर बसून तिन्ही पुस्तकांतले उतारे तासभर वाचले, त्यातलं एक घेतलं आणि कापलेली पानं गल्ल्यापाशी तशीच सोडून आली.

संध्याकाळी दोघींनी पहिला उतारा वाचला. भावकीच्या बैठकीतून घरी आलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. प्रश्न होता, आजोबा जेवले का नाहीत? त्यांना दुःख झालं, पर्याय दोन, असं वंदना म्हणाली. तृप्तीनं तीन लिहिला होता, त्यांना राग आला. आईचं ऐकून ती निमूट खोडरबर शोधायला लागली. ते बघून वंदनाचं डोकं पुन्हा भडकलं.

“मी म्हणते म्हणून खोडतेस? तुला काय वाटलं ते सांग ना.”

तृप्ती घाबरली. तरी तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथं लिहिलंय, त्यांनी तांब्या आपटून ठेवला. दुःख झाल्यावर कोणी आपटतं का?”

तव्यावर भाकरी करपत होती. वंदनानं ती ओळ वाचली, मग तिच्या वरची वाचली, आणि पुन्हा तीच वाचली.

“खोडू नको,” ती म्हणाली.