आठव्या खणातली सड

विंचूरच्या सहादूचं निम्मं आयुष्य कांदा सडायची वाट बघण्यात गेलं. तेही पगारी.

लासलगावापासून थोडं आत तेव्हा एक लहानसं कांदा संशोधन केंद्र होतं. आता तिथे मंगल कार्यालय आहे. सहादू सातवी पास. आधी रोजंदारीवर पाणी धरायला आला, मग कायम झाला. १९९१च्या उन्हाळ्यात त्याच्या हातात कांदा साठवायच्या चाळीची किल्ली आली. चाळीत आठ खण होते. प्रत्येकात दोन क्विंटल उन्हाळी कांदा. दर पंधरा दिवसांनी तो सगळा बाहेर काढायचा, सडका वेगळा करायचा, कोंब आलेला वेगळा करायचा, काट्यावर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मे ते ऑक्टोबर हेच काम. त्या आकड्यांवरून वरची माणसं ठरवणार होती, की शेतकऱ्यानं चाळ कशी बांधावी, कांदा किती दिवस धरून ठेवावा आणि कोणत्या महिन्यात बाजारात सोडावा.

सात खण नव्या पद्धतीचे होते. खाली बांबू, बांबूखाली हवा खेळायला दोन फूट जागा. आठवा जुना. कांदा थेट जमिनीवर, बाजूनं तुराट्यांचा कूड, वर पाचट. सहादूच्या बापाची चाळ हुबेहूब अशीच होती. केंद्रात त्या खणाला 'कंट्रोल' म्हणत. त्याला काही करायचं नाही, फक्त बघायचं. कांदा निवडायला येणाऱ्या बायका त्याला 'सावत्र खण' म्हणत.

"बाकी साती लेकरांचे लाड," नवसाबाई म्हणायची, "अन् हे बिचारं भुईवर."

"तू घे कडंवर," सहादू म्हणायचा.

"घेते की. तुमी पगार द्या कडंवर घ्यायचा."

अमावस्येला लासलगावचा बाजार बंद असायचा. हमाल यायचे नाहीत, लिलाव नाही. सहादूच्या घरात त्याही पुढची गोष्ट होती. अमावस्येला चाळीचं दार उघडायचं नाही. बाप सांगायचा, त्या दिवशी कांदा निजलेला असतो. निजलेल्याला मोजू नये. सहादू ह्यावर फारसा विचार करत नसे. पण हातानं ते कधी मोडलं नव्हतं.

पहिल्याच हंगामात वजनाचा दिवस अमावस्येला आला.

तो चाळीपाशी गेला. कुलपात किल्ली घातली आणि परत काढली. उद्या करू म्हणाला. पण दुपारी तपासणीला साहेब येणार होते. वहीतली ओळ कोरी चालणार नव्हती. तेव्हा तो चाळीसमोरच्या लिंबाखाली बसला. बंद दाराकडे बघत त्यानं अंदाजानं पेन्सिलीनं आकडे लिहिले. पहिला खण, सड एक किलो दोनशे. दुसरा, नऊशे. तिसरा, एक किलो साडेतीनशे. लिहिताना अडखळला नाही. आठव्यात जास्त असणारच, म्हणून सहा किलो शंभर.

दुसऱ्या दिवशी बायकांना बोलावून त्यानं खरं वजन केलं. खोडरबर खिशात ठेवला होता.

पहिला खण एक किलो दोनशे. दुसरा नऊशे. तिसरा एक किलो साडेतीनशे.

आठवा सहा किलो शंभर.

खोडरबर खिशातच राहिला. सहादूनं स्वतःची समजूत घातली. लहानपणापासून कांद्यातच वाढलेला माणूस. हलवाई नजरेनं पावशेर ओळखतो, तसंच हे. पुढच्या वर्षी पुन्हा एक अमावस्या आली. त्यानं पुन्हा दार न उघडता लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मोजलं. एका ग्रॅमचा फरक नव्हता. तिसऱ्या वेळी त्यानं काटा बदलून आणला. काटा बदलला, आकडा तोच आला.

तेव्हापासून तो घाबरला. घाबरला, पण कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? न मोजता लिहिलं, हे सांगितलं तर नोकरी जाणार. बरोबर आलं, हे सांगितलं तर लोक हसणार. दर वेळी तो एकाच आशेनं दुसऱ्या दिवशी मोजायला बसायचा. कुठे तरी चूक निघावी. दहा वर्षांत अशा अकरा ओळी झाल्या. एकदाही चूक निघाली नाही.

ह्याच आकड्यांवर विश्वासून १९९६मध्ये त्यानं बापाची चाळ पाडली. बाप तेव्हा जिवंत होता. ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "हिच्यात कांदा कवा सडला, तुला आठवतंय का?" सहादूला आठवत नव्हतं. पण वहीत लिहिलेलं होतं.

२००१ साली जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला केंद्रात समाधान आला. येवल्याचा. मराठीत एम. ए. झालेला, नोकरी नसलेला. सहा महिन्यांचं काम. सहादू त्याला 'एम. ए. साहेब' म्हणायचा. डबा दोघं एकत्र खायचे. लताबाई, म्हणजे सहादूची बायको, एक भाकरी जास्त द्यायला लागली.

एके दिवशी जेवताना समाधान म्हणाला, "काका, तुमच्या वहीत एक गंमत आहे."

"कांद्याच्या वहीत कसली गंमत?"

"प्रत्येक ओळीत खाडाखोड आहे. पाण्याचे डाग, मातीची बोटं. फक्त अकरा ओळी स्वच्छ आहेत. पेन्सिलीच्या. एका दमात लिहिल्यासारख्या." मग त्यानं घास खाली ठेवला. "मी तारखा लावून बघितल्या. अकराही अमावस्या."

सहादू पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच.

समाधान हसला नाही. त्याच्या अंगावर काटा आला होता, तो त्यानं बाही ओढून झाकला.

"मॅडमना सांगायला हवं," तो म्हणाला.

मॅडम म्हणजे डॉ. प्रतिभा. नाशिकहून रोज जीपनं यायच्या. दहा वर्षांच्या आकड्यांची त्यांची पुस्तिका पुढच्या महिन्यात छापायला जाणार होती. त्यात साफ लिहिलं होतं, की जुन्या पद्धतीची चाळ मोडावी. गावोगाव लोक ती वाचणार आणि बापजाद्यांच्या चाळी पाडणार. सहादूला झोप लागेना. आपण एक चाळ पाडली तेवढी पुरे, असं त्याला वाटायला लागलं. शेवटी तो स्वतःच मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या. मग बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसल्या.

"सहादूभाऊ, अकरा वेळा बरोबर येणं शक्यच नाही."

"मी बी तेच म्हणतो मॅडम. तुमी मला चुकलेला दाखवा. पाया पडतो."

"बरं. आपण प्रयोग करू."

त्यांना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. आषाढी अमावस्या चार दिवसांवर होती. त्या दिवशी सहादूनं बंद चाळीसमोर बसून आठ खणांचे आकडे लिहायचे. कागद पाकिटात, पाकिटाला लाख, पाकीट मॅडमच्या कपाटात. चाळीच्या कुलपालाही लाख. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर उघडायचं.

अमावस्येला घरी लताबाई दिवे घासत बसली होती. सहादू निघताना म्हणाली, "तोंड असं का केलंय? मोजायचेत कांदेच ना?"

"नाय मोजायचे," सहादू म्हणाला, "तीच तर पंचाईत हाय."

दुपारी तो लिंबाखाली बसला. ढग खाली उतरले होते. हवा ओली, जड. कांद्याला सगळ्यात वाईट हवा. समाधान थोडा लांब उभा होता. सहादूनं सात खणांचे आकडे लिहिले. नेहमीसारखे आले, न अडखळता. आठव्यापाशी हात थांबला. मनात आकडा आला होता, सात किलो साडेचारशे. त्यानं तो लिहिला नाही. चुकायचं तर मोठं चुकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. जे होणंच शक्य नाही, ते लिहायचं. मग उद्या सगळे हसतील आणि आपण मोकळे.

त्यानं लिहिलं : आठवा खण, सड शून्य.

कागद घडी करून पाकिटात घातला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

सकाळी मॅडमनी लाख बघितली आणि कुलूप उघडलं. सहा बायका निवडायला बसल्या. एकेक खण बाहेर आला. समाधान वजन घ्यायचा, मॅडम पाकिटातल्या कागदाशी ताडून बघायच्या. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. चौथ्यापर्यंत बायकांची बडबड चालू होती. पाचव्याला थांबली. सातवा बरोबर आला, तेव्हा मॅडम कागद खाली ठेवून चष्मा पुसायला लागल्या.

"आठवा काढा," सहादू म्हणाला. त्याच्या आवाजात घाई होती. जवळजवळ आनंद.

आठव्या खणाचा कांदा पाट्यांनी बाहेर आला. नवसाबाई निवडायला बसली. दहा मिनिटं झाली. तिच्या शेजारची सडक्याची पाटी रिकामीच होती.

"अगं, बघून निवड," सहादू म्हणाला.

"बघतेच हाय ना भाऊ." तिनं वर बघितलं नाही. "पण वास बी नाय येत. ह्या खणाला वास नाय असं कवा झालंय?"

खणातला सगळा कांदा निवडून झाला. सडलेला एकही निघाला नाही. नवसाबाईनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि त्या ढिगापासून दोन हात मागे सरकून बसली.

मॅडमनी सडक्याची रिकामी पाटी स्वतः उचलून बघितली. मग म्हणाल्या, "एका खणावरून काही सिद्ध होत नाही. समाधान, ह्या दहा वर्षांत वजनाचा दिवस अमावस्येला आलाच नाही, अशी वर्षं आहेत का?"

समाधाननं ते आधीच शोधून ठेवलं होतं, हे त्याच्या तोंडावरून सहादूला कळलं. पोरगं बोलायला तयार नव्हतं.

"आहेत," तो शेवटी म्हणाला. "दोन. चौऱ्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव."

"त्या वर्षांत आठवा खण?"

"बाकीच्यांसारखाच. कांकणभर चांगला."

"आणि इतर आठ वर्षं?"

"अमावस्येच्या ओळीपर्यंत ठीक. सड तिथून पुढे वाढलेली दिसते."

सहादूनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग तो मॅडमना म्हणाला, "मंजी मॅडम, आठव्यात जास्त पडणारच, असं धरून मी लिवायचो. पडलेली सड मी लिवली, का लिवली म्हणून पडली?"

"असं काही नसतं, सहादूभाऊ."

"नसतं. मंग हे काय?"

"पुस्तिका मी थांबवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नव्यानं भरू. किल्ली दुसऱ्याकडे देऊ." आणि ऑफिसात निघून गेल्या. बायकाही उठल्या. एरवी जाताना चार कांदे ओटीत घेणाऱ्या नवसाबाईनं त्या दिवशी एकही घेतला नाही.

सहादू ढिगाशेजारी बसला आणि एकेक कांदा उचलायला लागला. फिरवायचा, मानेपाशी दाबायचा, नाकाला लावायचा, पलीकडे ठेवायचा. एक मिळाला तरी पुरे होता. अंगठ्याएवढी मऊ जागा. एक सडका कांदा निघाला, तर शून्य खोटं. शून्य खोटं, तर बाकी सगळा नुसता अंदाज. मग बापाची चाळ त्यानं पाडली ती वहीचं ऐकून पाडली, हातानं सडवून नाही.

दुपार झाली. डबा उघडला नाही. समाधान दोनदा पाणी घेऊन आला. सहादू प्यायला, पण त्यानं हात थांबवले नाहीत. त्याचे ओठ हलत होते. समाधानला आधी वाटलं मोजतोय. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "एक तरी दे रे," असं तो म्हणत होता. कुणाला म्हणत होता, कोण जाणे.

समाधान उठून चाळीच्या पलीकडे गेला. थोड्या वेळानं परत आला आणि ढिगाच्या ह्या अंगाला बसून तोही निवडायला लागला.

पाचेक वाजले असतील. सहादूच्या हाताला एक कांदा लागला आणि बोट आत गेलं. मऊ. ओला. काळपट पाणी सुटलेला. वास भक्कन नाकात शिरला.

"मिळाला?" समाधान म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

सहादूचे डोळे भरून आले. त्यानं कांदा वर धरला, उजेडात फिरवला. मग हळूहळू त्याचं तोंड पहिल्यासारखं झालं.

"हा आठव्यातला नाय," तो म्हणाला.

"नाही काका, इथंच होता, मी..."

"लेका, हे बघ." सहादूनं कांद्याच्या बुडावर नख ठेवलं. तिथे एक सरळ, फिकट वळ होता. "बांबूवर बसल्याचा वळ. आठव्यातला भुईवर असतो. त्याला माती लागती, वळ उठत नाय."

समाधाननं मान खाली घातली. सहादू त्याच्यावर रागावला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि मध्येच थांबला. तो उजवा हात होता. त्यानं तो मागे घेतला.

"तू तरी असलं करू नको," एवढंच म्हणाला.

तो उठला. चाळीपलीकडच्या सडक्याच्या पाटीत तो कांदा नेऊन टाकला आणि परत येऊन बसला. अजून तीन पाट्या बघायच्या राहिल्या होत्या. त्यानं पुढचा कांदा उचलला. कोरडा. खणखणीत. पलीकडे ठेवला आणि दुसरा घेतला.