शिवणीतले हात

आमच्या बालवाचनालयात एक जपानी चित्रपुस्तक आहे. टेबलावर ठेवलं की ते आपोआप एकाच पानावर उघडतं. डाव्या पानावर आई, उजव्या पानावर मुलगी, आणि त्यांनी एकमेकींचे धरलेले हात मधल्या शिवणीत गेलेले. ते हात बघायला मुलं पुस्तक तळव्यांनी दाबतात आणि मी वर्षानुवर्षं ओरडते, "अगं, शिवण उसवेल!"

परवा या पुस्तकाच्या चित्रकार मिचिकोबाई वाचनालयात आल्या. ऐंशी ओलांडलेल्या. दुभाष्याने त्यांचं बोलणं सांगितलं. हे त्यांचं पहिलं पुस्तक. बांधणीत मधली जागा जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या चुकीनंतर त्यांनी दोन पानांच्या मध्ये कधीच काही काढलं नाही.

मी ओशाळून ते खिळखिळं पुस्तक उचलायला गेले. तेवढ्यात पाच वर्षांच्या सईने ते ओढलं, जोर लावून दाबलं आणि म्हणाली, "आजी, हे बघा, हात सोडलेला नाहीये!"

दुभाष्याने तोंड उघडायच्या आत बाईंनी आपला सुरकुतलेला तळवा सईच्या हाताशेजारी ठेवला आणि तिच्याइतक्याच जोराने दाबला. मग ताठ मानेने माझ्याकडे पाहिलं.

नीट दिसणारी चित्रं मुलं बघतात आणि पान उलटतात. या एका चित्रासाठी मात्र आमच्या गावातल्या कितीतरी मुलांनी जोर लावलाय.

आता पाहुणे आले की ते पुस्तक मीच टेबलावर ठेवते, आणि ते कुठे उघडतं ते त्यांना बघू देते.