दगडांचा स्टॉप

विद्यापीठ एवढं मोठं, की आतल्या आत फिरायला बस लागते. ती चालवणारे ते मामा. कुणाचे सख्खे नाहीत की चुलत नाहीत, तरी कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळ्यांचे मामाच. विभागांची लांबलचक नावं त्यांच्या जिभेवर काही बसेनात. म्हणून प्राणिशास्त्राचे झाले बेडूक, वेधशाळेचे तारे आणि भूशास्त्राचे दगड. मुलांनीही तीच नावं उचलली.

त्या दिवशी मामांच्या लेकीची दगडांत पीएचडीची तोंडी परीक्षा होती. परीक्षा तिची आणि घाम यांना. फाटकाशी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ चढले, भूशास्त्र आलं की सांगा म्हणाले. मामांनी जुन्या सवयीने जुन्या इमारतीपाशी "दगड" म्हणून आरोळी ठोकली आणि त्यांना उतरवलं. विभाग गेल्या वर्षीच पार दुसऱ्या टोकाला हलला होता, हे मामा नेमके आजच विसरले.

नव्या इमारतीपाशी लेक वाट बघत उभी होती. बाहेरचे परीक्षक याच बसने यायचे होते. ते नाहीत तर परीक्षा नाही, आणि संध्याकाळी ते परत जाणार. मामांच्या पायाखालची जमीन सरकली.

बसमध्ये तासांना निघालेली मुलं होती. मामा मागे वळले. "पोरांनो, चूक माझी आहे. हिच्या परीक्षकांना मी जुन्या दगडांत सोडून आलोय."

"मग वळवा की, मामा," मागून कुणीतरी म्हणालं. एकही जण उतरला नाही. लेक तेवढी चढली.

गृहस्थ बंद दारासमोर निवांत बसले होते. मामा माफी मागू लागले, तर म्हणाले, पायरीचा दगड फार छान आहे, तोच बघत होतो. मग मुलांनीच त्यांना वाटेतले बेडूक, तारे सगळं दाखवलं. मामा आरशातून हे बघत बस हाकत होते. या जागेने त्यांना पोटाला दिलं होतं, लेकीला शिकवलं होतं, आणि आज इथलीच मुलं आपला तास बुडवून मदतीला बसली होती. एवढे उपकार ठेवायचे कुठे?

बस पुन्हा नव्या इमारतीशी आली. दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर चावी घ्यायला उभाच होता. परीक्षा ऐकायला कुणालाही मुभा असते, म्हणून मुलंही परीक्षकांच्या मागोमाग आत निघाली. मामा मात्र जागेवरच. इतकी वर्षं त्यांनी लोकांना दारापर्यंत पोचवलं, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यात शर्टाला ऑइलचा डाग.

लेक परत बसच्या दाराशी आली.

"बाबा, दगड आले. उतरा."

मामा उतरले.