वाजणारे वाळे

रान गप्प झालं की समजायचं, वाघरू जवळ आहे. मावळातल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, कड्याजवळच्या माळावर मी गुरं न्यायची. त्या भादव्यात रान असंच गप्प झालं. पाखरं नाहीत, किड्यांची किरकिर नाही. खाली घाटात गाडीची धडधड यायची, पण शिट्टी नाही. विजेची इंजिनं तेव्हा नवीनच आली होती. ती मुकीच असतात, असं मी धरून चालले.

रोज दुपारच्या आतच मी गुरं घराकडं हाकू लागले. सासूबाई वैतागल्या. "लय भित्री गं तू!" तरी त्यांनी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर आल्या.

माळावर पोचताच मी त्यांचा हात धरला. "आत्याबाई, बगा की, कसं गप्प झालंय रान!"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुटं गप्प? पाखरांनी डोकं उठवलंय माजं."

यांना ऐकू येतंय आणि मला नाही, ही कसली भुताटकी! तेवढ्यात धुकं उतरलं आणि हातभर पुढचं दिसेना.

माझी दीड वर्षाची लेक मागं गोणपाटावर बसलेली होती. तिच्या पायात घुंगरांचे वाळे होते. धुक्यात मी त्या आवाजावरच तिच्यावर लक्ष ठेवायची. आवाज नाही म्हणजे पोर जागेवर आहे. महिनाभर वाळे वाजत नव्हते. पोर किती शहाणी झाली म्हणून मी गावभर मिरवलं होतं!

मी गोणपाट चाचपलं. रिकामं! कडा तिथून वीस पावलांवर. मी ऊर फुटेस्तोवर हाका मारल्या. सासूबाई धुक्यातून काहीतरी ओरडत होत्या. आवाज येत होता, पण तोंड दिसत नसल्यानं शब्द कळत नव्हते.

मागून कुणीतरी लुगडं ओढलं. वळून पाहते तर लेक! तिला हा खेळ वाटला होता. ती थयथय नाचत होती, घुंगरू हलताना मला दिसत होते.

सासूबाई धापा टाकत आल्या. "अगं, कवाची तुज्या मागं पळतीय ती. वाळं वाजत्यात की!"

मी तिचा पाय कानाशी धरून हलवला, पुन्हा पुन्हा हलवला, तरी मला काही ऐकू येईना. लेक खिदळत होती. मी तिथंच गवतात बसून रडले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला दाव्यानं माझ्या कमरेला बांधून नेऊ लागले. वाळे तिच्या पायात तसेच राहू दिले.