उजव्या डोळ्याचा मचवा

आमच्या बंदरात जहाजाचा नकाशा कधी कुणी कागदावर काढला नाही. आजोबांनी कौलं वाहणारी मोठी गलबतं बांधली, वडिलांनी मासेमारीचे मचवे, आणि सगळं एका डोळ्याच्या भरवशावर. फळी बसवली की वडील पुढच्या टोकाशी उकिडवे बसायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्याने तिच्या कडेवरून नजर सोडायचे. "घे अजून जरा आत." वाळूत नुसती लाकडं पडलेली असायची, आणि बघता बघता तिथे मचव्याचं गोल पोट उभं राहायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कोथरूडला एका कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर बसून, परदेशातल्या गोदीसाठी कॉम्प्युटरवर जहाजं काढायचे. अभिमान होता, आजही आहे. स्क्रीनवरचं जहाज फिरवून पुढून बघताना माझाही डावा डोळा आपोआप मिटायचा.

त्याच सुमारास वडिलांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. वाळूवर मचवा अर्धाच उभा होता. मालक म्हणाला, जमणार नसेल तर सांगा, मी फायबरची होडी घेतो.

"डावा डोळा आहे की," मी म्हणाले.

"तो जेवताना ताट बघायला बरा."

पुण्यात ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. वडिलांनी वाचली, पण चेहरा काही खुलला नाही. रिक्षात मी विचारलं, "बाबा, दिसतंय ना?"

"अक्षरं दिसली गो. रेघ दिसायला हवी."

घरी न थांबता ते थेट गच्चीत गेले. वाकायला मनाई, म्हणून खुर्ची मागवली. काळा चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा मिटला आणि कठड्याच्या कडेवरून नजर सोडली. कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या काकांना राहवेना.

"अहो, काही हरवलंय का आपलं?"

"कठड्याला मधेच पोट आलंय," वडील म्हणाले.

"बिल्डरलाही आलंय. त्याचंही बघून घ्या."

वडील इतके हसले की मी घाबरून त्यांचा डोळा सांभाळू लागले. "दिसलं गो बाय, रेघ दिसली!"

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी त्यांनी स्वारगेटहून एसटी धरली.

मचवा पाण्यात लोटायच्या दिवशी मी रजा काढून गेले. सगळं गाव दोरांना लागलं, मीही. ते अवाढव्य लाकूड ओंडक्यांवरून कुरकुरत सरकलं, लाटेत एकदा डुललं आणि ताठ उभं राहिलं. सगळे वडिलांकडे बघत होते. ते वाळूत बसले, डावा डोळा मिटला.

"सरळ आहे," म्हणाले.

तो आमच्या बंदरातला शेवटचा लाकडी मचवा. मी कामावर परतले तेव्हा दोराने सोललेल्या तळहातात माउस धरवत नव्हता.