कोरड्या तळ्यातलं हेलिकॉप्टर

पोलिसाला आठवणी विचारल्या की लोकांना खून हवा असतो, नाहीतर दरोडा. ते मी पोटभर पाहिले. पण मला स्वतःला जे प्रकरण सांगायला सगळ्यात आवडतं, त्यात रक्ताचा थेंब नाही, चोरी नाही, साधी शिवीगाळसुद्धा नाही. तरी त्याचा विषय निघाला की मी अजूनही खुर्चीत सरसावून बसतो. बायको म्हणते, "झालं, आता चहा दोनदा गरम करावा लागणार."

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी पारनेरच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती, पण लोकांच्या डोक्यातली संपली नव्हती. कल्हईवाला दिसला की हेर, फोटोग्राफर दिसला की हेर. त्यात आमच्या हद्दीला लागून लष्कराची चांदमारीची, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची, जमीन. रोज कोणीतरी नवा हेर घेऊन ठाण्यात यायचं.

एके दिवशी तिकडच्या एका गावचे पोलीस पाटील आले. घाम पुसत म्हणाले, "साहेब, आमच्या तळ्यात इमान उतरतंय."

"तळ्यात?"

"तळं कोरडं ठाक हाय की! पाऊसच न्हाई, त्याला आमी काय करावं? लहान इमान हाय, एवढं." त्यांनी दोन्ही हात पसरले. "डोक्यावर पंखा हाय. एक चष्मेवाला गळ्यात डबा अडकवून हुबा ऱ्हातो. डब्याला ही लांब काठी. आन् काठीचं तोंड चांदमारीकडं."

"उडतं का?"

"लई उडतं! पार डोंगराच्या पल्याड."

"तुम्ही पाहिलं?"

"म्या न्हाई. मेंढक्यानं बगितलं."

'मी पाहिलं' आणि 'मेंढक्यानं बगितलं' यात कोसभर अंतर असतं, हे मला माहीत होतं. पण गळ्यात डबा, डब्याला काठी, म्हणजे बिनतारी यंत्र. ते कानाआड करण्यासारखं नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद केली, चौकशी लावली. माणूस दर रविवारी नगरहून स्कूटरवर येतो असं कळलं. पुढच्या रविवारी मी, हवालदार आणि दोन पंच तळ्याच्या बांधावर बाभळीमागे जाऊन बसलो.

चष्मेवाला आला. त्याने पेटी उघडली, यंत्र काढलं, दोरी गुंडाळून ओढली, आणि इंजिनाची अशी किंचाळी उठली की काय सांगू! धुरळा उडाला, इंधनातल्या एरंडेलाचा वास पसरला. ते हेलिकॉप्टर होतं. हातभर लांबीची लाकडी पाती, शेपटीला छोटा पंखा, पायाला कामट्यांची मोठी फुली. पण ते उडेना. तो माणूस बाजूला वाकून फिरत्या पात्यांकडे बघायचा, इंजिन बंद करायचा, कुठलासा स्क्रू अर्धा पिळायचा, पुन्हा चालू. असं किती वेळा केलं देव जाणे.

हवालदार कंटाळून म्हणाले, "साहेब, ह्यो हेर हाय का घड्याळजी?"

शेवटी ते यंत्र वीतभर उठलं, कलंडलं आणि खाली आपटलं. तो माणूस आनंदाने उडी मारून टाळ्या वाजवायला लागला. आम्ही धावलो. मी ओरडलो, "हात वर!" त्याने एक हात वर केला आणि दुसऱ्याने मला अडवलं. "थांबा, थांबा! पंखा अजून फिरतोय, बोटं जातील!"

नोकरीत मी पुष्कळ माणसं पकडली. माझ्या बोटांची काळजी करणारा हा पहिलाच.

तो नगरचा दातांचा डॉक्टर निघाला. भाऊ जर्मनीत नोकरीला, त्याने सुट्टीवर येताना हेलिकॉप्टरचे सुटे भाग आणून दिलेले. पंचनामा झाला, वस्तू जप्त झाल्या. आमच्या हवालदारांचा लाखेवर फार जीव. त्यांनी डबा सील केला, पेटी सील केली, आणि यंत्राला मुद्देमालाची चिठ्ठी बांधून एका पात्याच्या टोकावर लाखेचा असा ठसठशीत शिक्का मारला की बघत राहावं.

ठाण्यात चौकशी सुरू केली.

"संदेश कोणाला पाठवता?"

"शेपटीच्या पंख्याला."

मी टेबलावर हात आपटला. "डॉक्टर, नीट उत्तर द्या!"

"नीटच देतोय साहेब. एक संदेश शेपटीला, एक इंजिनाला, दोन वरच्या पात्यांना. हे बघा, मोठा पंखा एकीकडे फिरला की धड उलटं फिरू बघतं." त्याने माझा पेपरवेट उचलून टेबलावर गरकन फिरवला. "शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो. त्याला सारखं सांगत बसावं लागतं."

मग जो सुटला तो थांबेना. जर्मन कंपनीचा एक छोटा दांडा ढिला बसत होता, म्हणून त्याने स्वतः नवा ओतला. दाताची टोपी करतात तसा, आधी मेणाचा, मग साच्यात धातू. वरच्या आडव्या दांडीच्या टोकांना जास्त वजनं लावली, म्हणजे यंत्र पटकन झुकत नाही. कामट्या बुरुडाकडून आणल्या. मला सायकलची चेन बसवता येत नाही, पण त्या दुपारी मी पेन खाली ठेवून ऐकत होतो. गुन्हेगाराची नजर दाराकडे जाते. या माणसाची सारखी मुद्देमालाच्या कपाटाकडे जात होती. "साहेब, ते आडवं तर नाही ना ठेवलं? टाकीतलं इंधन सांडेल."

मला माणूस खरा वाटला. पण फौजदाराला काय वाटतं याला कायद्यात किंमत नाही. डीवायएसपी साहेब आले, लष्कराचे एक मेजर आले. मेजर आपल्याच मुलखातले, मोजकं बोलणारे. डॉक्टरकडे बिनतारीचा परवाना होता, तो त्यांनी बघितला.

"डबा परवान्याचा आहे, मान्य," मेजर म्हणाले. "पण हा डबा खरंच हे यंत्र चालवतो, की यंत्र नुसतं दाखवायला आणि डबा दुसऱ्या कामाला? उडवून दाखवा. उडालं आणि सांगू तसं वागलं, तर प्रश्न मिटला."

"आणि नाही उडालं," डीवायएसपी साहेब म्हणाले, "तर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल. उद्या सकाळी, त्याच तळ्यात."

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो साहेब, पण ते अजून उडालेलंच नाही! आज पहिल्यांदाच वीतभर उठलं, आणि पडलं!"

आली का पंचाईत! म्हणजे जे यंत्र आजवर उडालं नाही, ते उद्या उडालं तर माणूस घरी, नाहीतर तुरुंगात.

संध्याकाळी त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. ठसक्याची बाई. "भाऊ, हे हेर? यांना वाण्याकडून साखर आणायला पाठवलं तर एरंडेल घेऊन येतात!" हवालदार हसले. मग तिचा आवाज बसला. "भाऊ, एकदा बेड्या पडल्या की उद्या निर्दोष सुटले तरी काय उपयोग? हेराच्या समोर तोंड उघडून कोण बसेल? दवाखाना बंद करून आम्हाला गाव सोडावं लागेल." "उद्या बघू ताई," एवढंच म्हणालो.

सकाळी तळ्याच्या बांधावर जत्रा लोटली होती. गुन्हा अजून नोंदला नव्हता, त्यामुळे पंचांसमोर सील फोडलं की पुरत होतं. हवालदारांनी पात्यावरची लाख चाकूने खरवडली, वर रॉकेलचा बोळा फिरवला. पातं अगदी चकाचक केलं.

डॉक्टरने दोरी ओढली. इंजिन पेटलं, पाती फिरायला लागली, आणि यंत्राच्या अंगात आलं! कामट्या थडथडायला लागल्या. ते जागच्या जागी बेडकासारखं उड्या मारत होतं. कालच्यापेक्षा दहापट वाईट. डॉक्टरने घाईने इंजिन बंद केलं.

"असं कधीच करत नव्हतं! पाती मी तोलून लावली होती हो..."

मेजरांनी मान हलवली. डीवायएसपी साहेब म्हणाले, "झालं. फौजदार, घ्या ताब्यात."

डॉक्टरच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी पुढे झालो, बेडी हवालदारांच्या कमरेला होती. आणि माझ्या कानात तो एक शब्द अडकला. तोलून.

"डॉक्टर, तोलून म्हणजे कसं?"

"आता काय उपयोग साहेब?"

"सांगा म्हणतो ना!"

"दोन्ही पाती जोडून मध्यावर चाकूच्या धारेवर ठेवायची. जे हलकं पडेल त्याच्या टोकाला चिकटपट्टी लावायची, चिमूटभरच. मी लाल लावली होती. लाल कडा वर दिसली की ते पातं उंच चाललंय हेही कळतं."

मी वाकून दोन्ही पाती पाहिली. लाल काहीच नव्हतं. लाख कुठल्या रंगाची असते? लालच! मी सावकाश वळलो आणि उभ्या गावासमोर माझ्याच हवालदाराची चौकशी सुरू केली.

"हवालदार, लाखेखाली काय होतं?"

"काय न्हाई साहेब." नजर बुटांवर.

"हवालदार..."

"तांबडी चिंधी हुती चिटकल्याली. म्या म्हनलं घान हाय. मुद्देमाल सोच्छ दिसावा म्हनून..."

"सापडला!" मी असा ओरडलो की डीवायएसपी साहेब दचकले.

"कोण सापडला?"

"बिघाड, साहेब! पातं आपण हलकं केलंय. थोडा वेळ द्या!"

"फौजदार, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"तपासाच्या, साहेब." हे उत्तर त्यांना आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण मेजर पुढे झाले. "वस्तू तुमच्या ताब्यात असताना बिघडली असेल, तर ती दुरुस्त होऊ द्यायला हवी. लावा."

मग काय विचारता! डॉक्टरने पाती सोडवली. हवालदारांनी त्याच चाकूची धार वर करून असा स्थिर हात धरला की बंदुकीचा सराव करताना कधी धरला नसेल. मी जीपमधल्या प्रथमोपचार पेटीतली चिकटपट्टी आणली. डॉक्टर तुकडा लावायचा, बघायचा, कडेचा तंतूभर कापायचा. पाती इकडे झुकत, तिकडे झुकत. "वाऱ्याला आडवे व्हा!" त्याने फर्मावलं आणि मी, दोन पंच आणि पोलीस पाटील निमूटपणे आडवे उभे राहिलो. शेवटी पाती आडवी, स्थिर राहिली.

"पण पट्टी पांढरी आहे," डॉक्टर कळवळला. "दिसणार नाही."

त्याच्या बायकोने पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि पट्टीवर बोट फिरवलं.

इंजिन पुन्हा पेटलं. थडथड गेली! डॉक्टर बाजूला वाकला, मीही वाकलो. "लाल वर आहे!" मी ओरडलो. बंद. अर्धा पीळ. पुन्हा चालू. लाल रेघ दुसऱ्या रेघेत मिसळली आणि तो पंखा म्हणजे एक झिरझिरीत ताटली झाली. मग त्याने इंजिनाची इंधनाची सुई जराशी फिरवली, उन्हाची हवा पातळ असते म्हणाला. किंचाळी थांबली आणि इंजिन चक्क गायला लागलं.

उठलं. वीतभर. गुडघ्याएवढं. कमरेएवढं. डोक्याच्या वर गेलं आणि तिथे थांबलं, हवेत, धरून ठेवल्यासारखं!

"डावीकडे," मेजर म्हणाले. ते डावीकडे गेलं.

"पुढे. थांबवा. आता खाली."

कामट्या अलगद मातीला टेकल्या. पोलीस पाटील गरजले, "आरं उडालं की रं!" सगळ्या बांधावरून आरोळी उठली. कोणी पागोटं उडवलं. मीही टोपी काढून हवेत फेकली, वर्दीत, वरिष्ठांसमोर! हवालदार तर डॉक्टरला कडकडून भेटले.

मेजर हसत म्हणाले, "हेराला एवढा खटाटोप परवडणार नाही." डीवायएसपी साहेबांनी मला सांगितलं, "संशय निराधार, असा अहवाल द्या. मुद्देमाल परत करा." आणि टोपी घाला, असंही सांगितलं.

डॉक्टर मातीत गुडघे टेकून बसला होता. मी जाऊन खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर, सुटलात तुम्ही."

त्याने वर पाहिलं. डोळे भरलेले. "साहेब, शेपूट थोडी डावीकडे ओढत होती. तुमच्या लक्षात आलं?"

आणि खरं सांगतो, माझ्या लक्षात आलं होतं.

पुढे पोलीस शिपायांच्या वर्गावर शिकवताना मी हे प्रकरण नेहमी सांगायचो. संशयिताला बोलतं करायच्या युक्त्या सगळ्यांना येतात. पण तो बोलायला लागला की आपण पुढचा प्रश्न जुळवत बसतो आणि ऐकायचं राहून जातं. खोटा माणूस तुम्हाला पटवत बसतो. खरा माणूस त्याच्या कामाचं सांगत बसतो, तुम्हाला पटो न पटो. त्या सकाळी एका माणसाचं घरदार 'तोलून' या एका शब्दावर उभं होतं. तो कानावरून गेला असता तर सगळं कायदेशीर झालं असतं, कागद स्वच्छ असते, आणि एक निरपराध माणूस गजाआड गेला असता.

शेपटीचं म्हणाल, तर ते आम्ही तिथेच नीट केलं. डीवायएसपी साहेबांची जीप गेली, मेजर गेले, गाव पांगलं. उन्हात आम्ही तिघे त्या यंत्राभोवती उकिडवे बसलो होतो, डॉक्टरच्या हातात स्क्रूड्रायव्हर, माझ्या हातात पाना, हवालदारांच्या हातात इंधनाची बाटली. डॉक्टरची बायको थोडा वेळ बघत उभी राहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊ, एक तरी शहाणा माणूस राहू द्या हो जिल्ह्यात!"

मी मान वर केली नाही. मला तो स्क्रू दिसत होता, आणि तो अजून अर्धा पीळ ढिला होता.